रंगूबाईचा पाट आणि लाल खुर्ची

मी एक जुना पाट आहे. सागाचा, कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला. एक फूल निखळलंय, पण बाकीची आहेत ना! मित्रांनो, त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीला एक तरी फूल आहे का?

मुरबाडच्या एका सुतारानं मला घडवलं. म्हसा गावच्या जत्रेत रंगूबाईच्या वडिलांनी मला पारखून घेतलं आणि लेकीच्या लग्नात मी शेणव्याला तिच्या सासरी आलो. तेव्हापासून चुलीपुढची जागा माझी. रंगूबाई माझ्यावर बसून भाकऱ्या थापायची, भात वाढायची, सुनेला रागवायची तीही माझ्यावर बसूनच. भाऊबीजेला भाऊ आला की मान माझा. "पाट असावा तर असा," असं पाहुणे म्हणायचे आणि मी फुगायचो.

पुढे तिचे गुडघे धरले. उठताना ती मला दोन्ही हातांनी रेटायची आणि कळवळायची. मग मुलगा जीवन आणि सून संजीवनी दोन्हीकडून धरून उठवू लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलं. तारीख ठरली आणि नेमका कोरोना आला. ऑपरेशन लांबलं. रंगूबाईचं अंगणात जाणंही बंद झालं.

साथ जरा ओसरली तसा ऑपरेशनला या म्हणून दवाखान्यातून फोन आला. शेजारी राहणारी नणंद चांगुणाबाई दारातूनच ओरडली, "नको जाव गो वयनी! तिथं गेलेला मानूस परत येत नाय."

रंगूबाई घाबरली, पण तिला चालायचं होतं. "बसून बसून मरन्यापेक्षा जाते," ती म्हणाली. बसून म्हणजे माझ्यावरच की! मला ते फार लागलं.

जाण्याआधी संजीवनीनं घरात कुणाला घेतलं नाही. नाकात काडी घालून कोरोनाची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. दवाखान्यात सोबत एकटा जीवन, तोंडाला मास्क, भेटायला कुणी यायचं नाही. ऑपरेशन नीट पार पडलं.

आणि इकडे शहापूरच्या बाजारातून ती खुर्ची आली. उंच, हात असलेली. संजीवनीनं तिला साबणानं धुतलं. मला कधी कुणी साबण लावला होता का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रंगूबाई वॉकर धरून घरी आली. सुखरूप परतलेल्या माणसाला आमच्याकडे पाटावर बसवून ओवाळतात. चांगुणाबाईनं लगबगीनं मला अंगणात मांडलं, भोवती रांगोळी काढली. बघ गं लाले, मी मनात म्हणालो, आता कुणाचा मान आहे तो!

"बस गो वयनी."

रंगूबाई रीत मोडणारी नव्हे. वॉकरवरचा एक हात सोडून ती खरंच वाकायला लागली.

"आई, नको!" संजीवनीनं तिला धरलं. "डॉक्टरांनी खाली बसायचं नाय सांगितलंय. नवा गुडघा आहे."

"मंग पाटाशिवाय ओवाळू कशी?" चांगुणाबाई चिडली.

रंगूबाईनं पुन्हा दोन्ही हातांनी वॉकर धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. "खुर्चीवरच ओवाळा, वन्सं. मला परत चालायचंय."

ओवाळणी त्या लालीवर झाली! वर रंगूबाई म्हणाली, "पाट पायरीशी मांडा. त्यावर साबन-पानी ठेवा. जो येल तो हात धुऊनच आत येल. जखमेला काय लागाया नको." चुलीपुढचा मी, आता दाराबाहेर गेलो. येईल तो माझ्यावर पाणी सांडायचा. चांगुणाबाईही पुटपुटत हात धुवायची. आणि आत ती खुर्ची पंख्याखाली ऐसपैस!

मग काही महिन्यांनी एका सकाळी कुणीतरी हात धुवायला माझ्यापुढे उभं राहिलं. मी वर पाहिलं. रंगूबाई! वॉकर नाही, काठी नाही. शेजारच्या पाड्यावर राहणाऱ्या आपल्या भावाच्या घरापर्यंत चालत जाऊन आली होती. इतकी वर्षं मी तिला बसलेलीच पाहत होतो. ती एवढी उंच आहे, हे मला माहीतच नव्हतं.

मित्रांनो, गुडघा बदललेलं माणूस घरी आलं तर हात धुऊन जवळ जा, आणि रीत म्हणून त्याला खाली बसवू नका. खुर्ची द्या. हे मी सांगतोय, पाट! फक्त त्या खुर्चीचं माझ्यासमोर कौतुक करू नका.