पुढचं दार

जॅनिसला जुने दगड बघायची हौस दांडगी. म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून ती इंग्लंडच्या उत्तरेकडे निघाली, ती वाटेतला एक मठ सोडेना की एक पडका किल्ला. विल्फ निमूटपणे सगळीकडे उतरत होता. त्याला यातलं काहीच बघायचं नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्या फुफ्फुसांची आशा सोडली होती, आणि मरण्याआधी त्याला एकदा सिरिलच्या घरात भाऊ म्हणून पाऊल टाकायचं होतं.

सिरिल त्याचा थोरला भाऊ. दोघं एकाच कोळशाच्या खाणीत होते. मोठा संप झाला तेव्हा अख्खं गाव वर्षभर अर्धपोटी राहून टिकलं, आणि अगदी शेवटी शेवटी विल्फनं कच खाल्ली. पोलिसांच्या पहाऱ्यात तो कामावर गेला. जॅनिस तान्ही होती आणि घरात दूध नव्हतं, हे खरंच. पण तान्ही पोरं काय इतरांच्या घरी नव्हती? सिरिलनं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. विल्फ बायको-मुलीला घेऊन दक्षिणेला गेला तो कायमचा.

रिपनला चुलतबहीण मॅव्हिसकडे मुक्काम झाला. तिनं हॅम आणि बटाटे वाढता वाढता समजावून पाहिलं.

"नको जाऊस रे विल्फ. पायात त्राण नाहीत त्याच्या, पण खोड जात नाही."

"काय करेल? हाकलून देईल. चार शिव्या घालेल. घालू दे."

"आणि तुला त्या हव्यात?"

"हव्यात," विल्फ म्हणाला आणि ताटावर वाकला.

डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये जॅनिस खांबांचे फोटो काढत सुटली. विल्फ खाणीत मेलेल्यांच्या स्मारकापाशी गेला. त्यानं टोपी काढली, आणि कुणी ओळखीचं भेटेल या धास्तीनं लगेच परत चढवली.

दुपारी ते गावात पोचले. विटांच्या घरांची ती ओळ तशीच होती. जॅनिस पुढच्या दाराकडे निघाली तसा विल्फनं तिचा हात धरला.

"मागून. इथं घरची माणसं मागच्या गल्लीतून स्वयंपाकघरात शिरतात. दार ठोठावत नाहीत."

"मग हे दार कशाला?"

"डॉक्टरला. पोलिसाला. नाहीतर प्रेत न्यायला."

मागच्या अंगणात येऊन त्यानं कडीला हात घातला. त्याची छाती भात्यासारखी हलत होती. खिडकीत सिरिल दिसला, वाळून काटकी झालेला. दोघांची नजरानजर झाली. सिरिलनं आतून कडी दाबून धरली आणि शांतपणे म्हणाला, "पुढून या."

वळसा घालून ते पुढे आले. वर्षानुवर्षं न उघडलेल्या दाराचे अडसर काढायला सिरिलला बराच वेळ लागला. त्यानं त्यांना समोरच्या गार खोलीत बसवलं. काचेच्या कपाटातले ठेवणीतले कप काढले. त्यानं चहा ओतला.

"साखर किती घेता?" त्यानं विल्फला विचारलं.

एकाच अंथरुणात वाढलेल्या भावाला विचारलं.

मग रस्ता कसा होता, पाऊस लागला का, अशा गप्पा झाल्या. जॅनिसनं मठांचं वर्णन केलं, सिरिलनं ते अदबीनं ऐकून घेतलं. विल्फनं एकदा तोंड उघडलं, "सिरिल, तेव्हा मी..." तर सिरिल बिस्किटांची बशी पुढे करून म्हणाला, "घ्या ना." निघताना त्यानं हात मिळवला. "आलात, बरं केलंत," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

गाडीत बसता बसता जॅनिसचा चेहरा फुलला होता. "बघा बाबा, उगाच घाबरत होतात. केवढं अगत्य! चांगली खोली, चांगले कप. आपल्याकडेसुद्धा कुणी एवढं करत नाही."

विल्फ हुंदके देऊन रडू लागला. भाऊ भेटल्याचा आनंद त्याला अनावर झाला असं तिला वाटलं. तिचेही डोळे भरून आले आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.