लुगड्याची सावली

"काकाजी, तुमी तिकडं साप खाल्ले का? खरं खरं सांगा."

शकुनने एका दमात विचारलं आणि मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मागे झेंडूच्या ताटव्याआड लीला, बेबी आणि आणखी दोघीतिघी पोट्ट्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. आदल्या संध्याकाळी लीलाच्या घरी भुलाबाईची गाणी झाली, टिपऱ्या वाजल्या, आणि लीलाच्या मायने खिरापतीचा डबा सगळ्यांच्या कानाशी खुळखुळवला. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही, हा भुलाबाईचा कायदाच आहे. शकुन छातीठोकपणे म्हणाली, "फुटाणे." निघाले शेंगदाणे. चुकणारीने बाकीच्या सांगतील ते करायचं, हा कायदा मात्र बडनेऱ्याच्या पोरींनी स्वतःच्या डोक्याने केलेला होता.

मागच्या सालची शकुन असती तर तिने पोट दुखतं म्हणून घर गाठलं असतं. पण यंदा शाळेत इन्स्पेक्टर आले होते, तिला उभं करून आख्खं पान वाचायला लावलं होतं, आणि ती कुठे अडखळली नव्हती. ते नुसतं "वा" म्हणाले. तेव्हापासून तिचा आवाज जो चढला तो खाली उतरलाच नाही. तिची माय पार्बताबाई शेजारणींना सांगायची, "त्या इन्स्पेक्टरनं आमची पोट्टी बिघडवली."

काकाजी म्हणजे सूर्यभान, शकुनच्या बाबांचा, नत्थुजींचा, चुलतभाऊ. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेच्या रसदीच्या ट्रकवर होता. लढाई संपली तरी त्याची तुकडी परत न येता आणखी पुढे गेली, पार पूर्वेला, फ्रेंचांच्या मुलखात, सैगाव नावाच्या शहरी. उन्हाळ्यात तो घरी आला आणि नत्थुजींच्या मळ्यावर कामाला लागला. तिकडचं काही विचारलं तर म्हणायचा, "होतं आपलं." माणूस सांगत नाही म्हटल्यावर गाव सांगायला लागतं. तो साप खातो, त्याची तिकडे बायको आहे, त्याला रात्री परभाषेत स्वप्नं पडतात, असं सगळं एव्हाना बडनेऱ्याला पाठ झालं होतं.

तो दोडक्याच्या मांडवाला बांबू बांधत होता. सुतळीची गाठ आवळून झाल्यावर त्याने शकुनकडे पाहिलं.

"साप नाई. भात खाल्ला."

"भातात काय होतं?" ताटव्यामागून बेबीचा आवाज आला.

"मुगाची दाळ. केळीच्या पानात भात, मधात दाळ, वरून बांबूच्या सालीनं करकचून बांधते अन् रातभर शिजवते. मुसळाएवढा लांब होते. त्यायच्या नव्या सालाची खिरापतच समजा."

खिरापत म्हटल्यावर कोण लपून बसतं? पोरी एकेक करून बाहेर आल्या आणि मांडवाखाली मांडी घालून बसल्या. शकुनची थोरली बहीण रुख्मिणी तिथेच झेंडूच्या माळा ओवत होती. तिला अचलपूरला दिलेली. भुलाबाई महिनाभर माहेरी येते, रुख्मिणीला सासऱ्याने चार दिवस दिले होते.

"त्यायचा पाडवा चैतातच का?" शकुनने विचारलं. पैज जिंकून झाली होती, पण तोंड आता थांबेना.

"पौषाची अवस सरली का दुसऱ्या दिशी. त्याच्या आठवडाभर आंधी चुलीचा देव वर जाते, मासोळीवर बसून. वरच्या मोठ्या देवाले घरातल्या साऱ्यायच्या चहाड्या सांगते. म्हून त्याले जाताना गोडधोड चारतात."

"आपल्या चुलीच्या देवाले गुळाची आख्खी भेली लागन," रुख्मिणी म्हणाली. "माय दिवसभर चुलीपाशीच बोलते."

पोरी खिदळल्या. सूर्यभान हसला नाही, हातातला बांबू बांधायचा सोडून त्याने तो उभा धरला.

"अन् मंग असा बांबू रोवतात. आंगणात, हरेक घरी. शेंड्याले पानं, मातीच्या घंटुल्या. वारा आला का वाजतात."

"म्हंजे गुढीच."

"मलेबी तसंच वाटलं. पण गुढी आपुन देवासाठी उभारतो. हे बांबू राक्षसासाठी."

ही गोष्ट त्याला एका म्हाताऱ्याने सांगितली होती, ज्याच्या अंगणात त्यांचे ट्रक उभे राहायचे. म्हातारा आपल्या भाषेत बोलायचा आणि शेजारचा मद्रासी कापडवाला मोडक्या हिंदीत उलगडून सांगायचा. दोन भाषांतून गाळून आलेली ती गोष्ट आता वऱ्हाडीत उतरत होती, म्हणजे तिच्यात जे राहिलं ते टिकाऊच असणार.

"पयले सारी जमीन राक्षसायची होती. माणसं बटईनं वाहत. राक्षस म्हणे, जमिनीच्या वरचं आमचं, खालचं तुमचं. लोकायनं धान पेरलं. वरचं सारं राक्षसायनं नेलं, लोकायच्या हाती मुळ्या. मंग बुद्धदेवानं सांगतलं, रताळी लावा."

पाटाचं पाणी वळवून नत्थुजी येत होते ते फावडं टेकून उभे राहिले. जवानीत त्यांनी शेजारच्या खुशालरावाच्या बापाची जमीन बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, वाहिली होती. या विषयात त्यांना कमीपणा नव्हता, उलट गती होती.

"मंग राक्षसाले पाला भेटला असन," ते म्हणाले.

"पालाच. पुढच्या साली राक्षस म्हणे, खालचं आमचं, वरचं तुमचं. लोकायनं धान लावलं. त्याच्या पुढच्या साली राक्षस चिडले. म्हणे, बुडबी आमचं, शेंडाबी आमचा."

"हे खुशालरावाच्या बापासारखं झालं," नत्थुजी म्हणाले. "मंग?"

"मंग मक्का लावला. कणीस मधात येते."

नत्थुजींनी कपाळावर हात मारून घेतला. "मक्का. हे मले तवा सुचाले पायजे होतं."

"मंग बुद्धदेव म्हणे, या बांबूवर मी माझं वस्त्र टांगतो. त्याची सावली पडन तेवढी जमीन आमाले विकत द्या. राक्षस म्हणे, घे. तेवढ्याशा सावलीचं काय? बांबू वाढत गेला, वाढत गेला. सावलीनं सारी जमीन झाकली. राक्षस मागं सरता सरता समुद्रात गेले. तवा ते रडाले लागले. म्हणे, आमच्या बापदाद्यायची हाडं तिथं हायेत. सालातून चार दिवस तरी येऊ द्या. बुद्धदेव म्हणे, या. त्या चार दिवसात बांबू रोवतात. घंटुल्या वाजल्या का राक्षसानं समजाचं, हे आंगण आता आपलं नाई."

पोरींना राक्षसांची फजिती फार आवडली. लीलाने मांडवाचा बांबू हलवून घंटुल्यांचा आवाज तोंडाने काढून दाखवला. शकुनच्या डोक्यात मात्र दुसरंच खडखडत होतं, आणि आत काय आहे ते तिला ओळखू येत नव्हतं.

"काकाजी, तुमी त्या आंगणात कसे गेले मंग? बांबू तर तिथं होता."

"ट्रक घेऊन गेलो. बांबूनं ट्रक थोडाच थांबते." त्याने बांबू मांडवाला टेकवला. "त्यायच्यात अजून एक हाये. नव्या सालाच्या सकाळी घरात पयला पाय ज्याचा पडते, तसं ते साल जाते. म्हून ते चांगल्या माणसाले आंधीच सांगून ठेवतात. मले काय ठाऊक? मी सकाळी सकाळी पाणी मांगाले आत गेलो, वर्दी घालून, बंदूक घेऊन. म्हातारा उभाच राहिला पाहत. मंग आत गेला अन् भात घेऊन आला. दोन हातानं देल्ला."

"मंग त्यायचं साल कसं गेलं?"

"आमची पलटण निघाली तिथून," सूर्यभान म्हणाला आणि सुतळी शोधायला लागला.

शकुनने आणखी एक विचारलंच. "अन् जमीन पयले राक्षसायची होती न? मंग त्यायच्याच घरी त्यायले चारच दिवस?"

"गोष्ट हाये ते, पोरी," नत्थुजी म्हणाले आणि पाटाकडे वळले.

रुख्मिणीने माळेला गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "चार भेटतात न," ती म्हणाली. "पुष्कळ झाले."

तिला चारही मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारीच तिचा दीर बैलांची दमणी घेऊन दारात आला. घरी निंदणाला बाई कमी पडते म्हणाला. पार्बताबाईने भाकरी बांधून दिल्या. रुख्मिणीने आपलं जुनं लाल लुगडं गोधडीसाठी ठेवलं, बाकीचं गाठोड्यात बांधलं आणि दमणीत बसली. कोणी रडलं नाही. या घरात आता सवय होती.

सवय शकुनलाही लागायची होती. कोजागिरी झाली की तेल्हाऱ्याचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. मुलगा खुशालरावाच्या साळ्याचा, घरची काळी जमीन, बैलजोड्या. खुशालराव म्हणजे त्याच बटईवाल्याचा मुलगा, धुऱ्यापलीकडचा, बांधाला बांध लागलेला शेजारी. सोयरीक त्यानेच आणलेली. पसंती झाली तर माघात लग्न, म्हणजे चैताच्या आसपासची सातवी फायनलची परीक्षा गेली. आतापर्यंत शकुनने त्यात नव्या लुगड्याचा रंग तेवढा पाहिला होता. शाळेच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, फायनल पास झालीस तर अमरावतीला मास्तरणीचं ट्रेनिंग आहे. ते तिने ऐकलं होतं आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं.

दमणी वळणाआड गेल्यावर ती मळ्यात गेली. मांडवाचा उरलेला बांबू तिने उचलला, त्याला बहिणीचं लाल लुगडं बांधलं आणि धुऱ्यावर, जिथे माती मऊ होती तिथे, रोवला. काही सिद्ध करायचं नव्हतं. एका लुगड्यात किती जमीन मावते, एवढंच पाहायचं होतं.

आधी सावली बांबूच्या बुडाशी, धुऱ्यावरच होती, एका खाटेएवढी. शकुनने टोकाला खुंटी ठोकली. उन्हं उतरली तशी सावली लांबली. शकुन खुंट्या ठोकत पुढे गेली. सूर्य बाभळींना टेकला तेव्हा सावली धुरा ओलांडून खुशालरावाच्या कपाशीत शिरली होती, आणि तिच्यामागोमाग खुंट्या घेऊन शकुनही.

वऱ्हाडात माणूस एक वेळ जेवणाच्या ताटातलं दुसऱ्याला देईल, पण धुऱ्यावरची वीतभर माती देणार नाही. धुऱ्यावर बांबू, बांबूवर लाल कापड, आणि आपल्या कपाशीत खुंट्या. खुशालरावाला दुसरं काय वाटणार? तो धोतर खोचत आला.

"नत्थू, मोजणी बलावली का तुनं? मले न इचारता?"

नत्थुजी धावत आले. त्यांना बांबूही नवा होता आणि मोजणीही. "कोणी बलावली? मले ठाऊक नाई, खुशालराव."

"मंग हे निशाण माह्या बापानं लावलं? धुरा त्यानं घातला, तुह्या डोयासमोर घातला, तू तवा बटईवर होता आमच्याकडं."

"मोजणी नाई, काकाजी," शकुन कपाशीतून म्हणाली. "सावली पाहून राहिली."

"कायची सावली?"

"ताईच्या लुगड्याची."

खुशालरावाने मान वर करून लुगडं न्याहाळलं. मग त्याने तिच्याकडे न पाहता नत्थुजींकडे पाहिलं. "तेल्हाऱ्याले काय सांगू मी? का पोरगी धुऱ्यावर लुगडे टांगून दुसऱ्याच्या वावरात खुंट्या ठोकते? पोरीच्या जातीले जमिनीचं काय मोजाचं असते बे? तिची जमीन नवऱ्याच्या घरी." आणि जाताना त्याने एक खुंटी उपटून नत्थुजींच्या वाफ्यात फेकली.

संध्याकाळी लीलाकडची भुलाबाई शकुनशिवायच झाली. घरी चुलीपुढे भाकरी थापताना पार्बताबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "लोकायच्या पोरी आंगणात रांगोळ्या काढतात, आमची बांबू रोवते. तो सूर्यभान तोंड उघडत नव्हता तेच बरं होतं. आता खुशालरावानं सोयरीक मोडली म्हंजे?"

"मोडत नाई," नत्थुजी म्हणाले. "सकाळी हे पोट्टी जाईन, पाया पडन, माफी मांगन. खुशालराव तोंडाचा फाटका, पण मनात ठेवत नाई. पाहुणे यायच्या आंधी सारं गोड झालं पायजे. समजलं का, शकुन?"

शकुनने ताटातली भाकरी मोडली होती, ती परत ताटातच ठेवली. आवाज तिने चढवला नाही. इन्स्पेक्टरसमोर वाचताना होता तेवढाच ठेवला, शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा.

"माफी मी मांगीन, बाबा. खुंट्या त्यायच्या वावरात गेल्या, चूक माही हाये. बांबूबी सकाळी काढीन. पण तेल्हाऱ्याच्या पाहुण्यायचा पाय यंदा आपल्या घरात पडू देऊ नका. खुशालकाकाले माफी मांगतानाच सांगून येईन मी. मले फायनल द्याची हाये, अन् पास झाली का अमरावतीले ट्रेनिंगले जाणार हाये. बाईले उद्या शाळेत नाव सांगून टाकीन."