पाऊण तासाचा प्रोसेसर

देर्लिसने कॉम्प्युटरचा पंखा खोलून अंगणात आणला, आंब्याखाली उकिडवा बसला आणि जोरात फुंकर मारली. धुळीचा लोट थेट कासिआनोच्या तेरेरेच्या, म्हणजे पाल्याच्या गार पेयाच्या, पेल्यात गेला.

"अरे माणसा, तेरेरे पितोय मी. सिमेंट नाही!"

"काका, बारा वर्षांची धूळ आहे. मावशीने जपून ठेवली होती."

"जास्त बोलू नकोस," फेलिसिता दारातून म्हणाली. "नवा प्रोसेसर बोर्डाला झेपेल का, तेवढं सांग."

देर्लिस तिच्या बहिणीचा मुलगा. वय चाळीस, पोट सुटलेलं, बाजारात दुरुस्तीचं दुकान. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोन चकाकत होता.

"नवा कसला, हाही जुनाच. बंद पडलेल्या एका ऑफिसातून काढलाय. पण तुझ्या जुन्यापेक्षा दुप्पट डोकी आहेत त्याला. अख्खं मशीन बदलायला गेलीस तर बोर्ड बदला, मेमरी बदला, संपतच नाही. हा याच बोर्डात बसतो. वर चांगला पंखाही देतो, हा म्हातारा फार बोंबलतो. तीन दिवस वापर. नाही पटलं, तर काढून नेईन."

फेलिसिता गावातल्या मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे व्हिडिओ करायची. मुलगी पायऱ्या उतरते, बापाबरोबर नाचते, केक कापते, आजी रडते. सगळं कापून जोडलं, वर गाणं चढवलं आणि शेवटचं बटण दाबलं की मशीन पाऊण तास फिरत बसायचं. तेवढ्या वेळात माउसला हात लावला तरी ते गोठायचं. काम संपलं की तीन घंटा वाजायच्या. त्या तिनेच लावून घेतल्या होत्या. या जानेवारीत, भर उन्हाळ्यात, सहा मुली रांगेत होत्या आणि सहा आयांना तिने शब्द दिला होता. पाऊण तास परवडणारा नव्हता.

रिकामं बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या पाऊण तासात करणार काय? नाइलाजाने ती अंगणात यायची. पंख्याची घरघर ऐकली की कासिआनो खलबत्त्यात पाला कुटायला घ्यायचा. शिंगाच्या पेल्यात पाला, बर्फाचं पाणी, मध्ये एकच नळी. एकदा त्याची पाळी, एकदा तिची. आणि तेव्हाच तो बोलायचा. तेहतीस वर्षं त्याने आसुन्सिओन–एन्कार्नासिओन बस चालवली. पहाटे चारला निघायचा, यायचा तो झोपायलाच. त्या काळात दोघांत बोलणं झालं ते छपराचं, पोरांच्या तापाचं, बस्स. तो निवृत्त झाल्यावर तिला कळलं, की आपल्या नवऱ्याच्या पोटात गोष्टींचं पोतं आहे.

देर्लिसने चौकोन बसवला, वर लेप लावला, पंखा घट्ट केला. मशीन सुरू झालं की नाही, हे बघायला फेलिसिताला त्याच्यावरचा बारीक दिवा शोधावा लागला, इतकं ते गप्प होतं.

पहिल्या दिवशी ती बटण दाबून बाहेर आली. कासिआनो रंगात होता.

"एका माणसाने दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक त्याच्या हार्पचं, त्या माणसाएवढ्या वाद्याचं. खिडकीजवळची जागा हार्पला. गाडी खच्चून भरलेली. बोगादोच्या थांब्यावर एक बाई चढली, नववा महिना. सगळे हार्पकडे बघायला लागले. मी आरशातून बघतोय—"

आतून तीन घंटा वाजल्या. पंधरा मिनिटंच झाली होती.

कासिआनो थांबला. घंटा वाजली की ती उठणार, ही चार वर्षांची सवय. त्याने पेला उलटा करून चोथा झाडाच्या बुंध्याशी टाकला. "जा, झालं तुझं."

"आणि ती बाई?"

"सांगेन मग."

दुसऱ्या दिवशी तिने दुपारपर्यंत आणखी दोन मुलींना मोकळं केलं. स्वतःवर जाम खूश होऊन ती बाहेर आली. खुर्चीशेजारी थर्मास होता. बर्फाचं नुसतं पाणी झालं होतं. पेला काठोकाठ भरलेला, पाला फुगून वर आलेला. पहिला पेला सान तोमास या संताचा; तो ओतायचा आणि कुणी प्यायचा नाही. त्याच्या पुढे काही झालेलंच नव्हतं.

"तू प्यायला नाहीस?"

"पंख्याचा आवाज आला नाही. म्हटलं, येशील आता. एकट्याने काय प्यायचं?" कासिआनो कोयत्याला धार लावत होता. "सान तोमास होता सोबतीला. पण तो बोलत नाही फारसं."

ती हसली. मग तिला वाईट वाटलं, आणि ते दिवसभर गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी देर्लिस पेचकस घेऊन हजर झाला.

"बोल मावशी. ठेवायचा की काढायचा?"

फेलिसिताने दारातून आत मशीनकडे बघितलं. काढला तर तीन मुली रखडणार. ठेवला तर... हे देर्लिसला काय सांगायचं?

"ठेव की," कासिआनोच म्हणाला. नजर खलबत्त्यात. "पटापट होतंय तिचं काम. मागे कशाला जायचं?"

"एकदा चालवून बघते, मग सांगते," ती म्हणाली. आत जाऊन चौथ्या मुलीचा व्हिडिओ लावला. मग नेहमीचं स्टूल सोडून पाठीची मोठी खुर्ची ओढत बाहेर आणली आणि त्याच्या समोर मांडली.

"कूट," ती म्हणाली.

कासिआनोने तिच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. पाला कुटला. पहिला पेला संताचा झाला, दुसरा त्याचा, तिसरा तिचा. देर्लिस छपराबद्दल, उन्हाबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल बोलत राहिला. मग आतून तीन घंटा वाजल्या.

कासिआनोच्या हातात पेला होता. तो हात तसाच राहिला.

"झालं!" देर्लिस मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला. "पंधरा मिनिटं. बघितलंस?"

"नाही रे," फेलिसिता म्हणाली. "पाऊण तास लागतो अजून."

"पाऊण तास? मग मी काय बसवलं त्यात, बिस्कीट? आत्ता घंटा वाजली, मावशी! काका, तुम्ही तर ऐकलीत?"

झाडावरून आंबा पडला तरी कितवा ते सांगणाऱ्या कासिआनोने कानामागे हात धरला.

"कसली घंटा? तेहतीस वर्षं इंजिनाशेजारी बसलोय मी. मला कुठलं ऐकू येतंय?"

देर्लिस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पेचकस खिशात घातला.

"म्हणजे ठेवायचा ना?"

"ठेवायचा," फेलिसिता म्हणाली. "फार चांगला आहे." तिने पाय लांब केले. "कासिआनो, हार्पचं काय झालं? बसलं कोण शेवटी?"

कासिआनोने पेला भरून तिच्या हातात दिला आणि गाडी पुन्हा पार आसुन्सिओनच्या स्टँडवर नेली.

"तर, एका माणसाने दोन तिकिटं काढली..."

"ते झालंय सांगून. बाईचं सांग."

"थांब गं," तो म्हणाला. "अजून बोगादो यायचंय."