बापावर गाऱ्हाणं

गुणाजीच्या पोराचं बारसं उद्यावर आलं होतं आणि नाव ठरल्यासारखंच होतं: धाकू. मेलेल्या आज्याचं नाव पहिल्या नातवाला, हा कोपरीतल्या कोकणकर मंडळींचा रिवाज. पण पोराला त्या नावानं हाक मारायच्या नुसत्या विचारानं गुणाजीला घाम फुटे. त्याचा बाप धाकू मिठागरावर मुकादम होता. दारू न पिताही मारायचा आणि मारून दमला की पोराला मिठाच्या कोठारात कोंडायचा. गुणाजी चाळिशीला टेकला, तरी घराच्या दाराला कडी लागली की त्याचा श्वास अडे.

"मग देवाला गाऱ्हाणं घाल," बहीण मालन म्हणाली. "बाळाची आत्या मी. देवानं कौल दिला तर दुसरं नाव ठेवते."

"बाप मेलाय गं. मेलेल्यावर गाऱ्हाणं?"

"देव तरी कधी जिवंत दिसलाय? त्याच्याशी बोलतोसच ना?"

संध्याकाळी देवळात मंडळी जमली. गाऱ्हाण्याची पद्धत अशी, की गुरवानं एकेक वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. मंडळींचं लक्ष बहुतेक वेळा नारळाकडेच असे.

"सांग, मी देवाच्या कानावर घालतो," विश्राम गुरव म्हणाला.

"नको. तुम्ही गोड करून सांगाल." गुणाजीनं हात जोडले. "देवा, माझा बाप मला गुरासारखा मारायचा."

"होय महाराजा!"

"मग मिठात कोंडायचा. अंगभर झोंबायचं."

"होय महाराजा!"

"मी आतून बोंबलायचो आणि तू इथं नैवेद्य चापत बसायचास!"

"होय महाराजा!"

विश्रामनं कपाळाला हात लावला.

"आणि ही सगळी मंडळी ऐकून न ऐकल्यासारखी निघून जायची!"

"होय महाराजा!"

मग मात्र आपण काय बोललो ते मंडळींच्या ध्यानात आलं. सर्वांत मोठ्यानं ओरडणारा म्हातारा नाथा खाली बघत म्हणाला, "भ्यायचो रे त्याला. मुकादम होता."

"तुझं रडणं ऐकू आलं की मी जातं जोरात फिरवायचे," कोठाराशेजारी राहणारी कमळाबाई पुटपुटली.

गुणाजी मटकन खाली बसला. आजवर जो तो त्याला सांगत आला होता, की बाप जरा कडक, पण देवमाणूस. कितीदा त्याला वाटे, आपल्यालाच भलतंसलतं आठवतंय. तो हमसून हमसून रडला. नाथा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

विश्राम कौलाला बसला. देवाच्या छातीवर त्यानं ओली पाकळी चिकटवली. उजवीकडे पडली तर देव राजी. पाकळी हलेना.

"देव बोलत नाही."

"कुठल्या तोंडानं बोलेल?" मालन म्हणाली.

"आम्ही बोलतो," नाथा म्हणाला. "नको ते नाव."

विश्रामनं इकडेतिकडे पाहिलं आणि डावीकडून हलकेच फुंकर मारली. पाकळी उजवीकडे पडली.

"दिला कौल!"

"होय महाराजा!" या खेपेला सगळे मनापासून ओरडले.

दुसऱ्या दिवशी मालननं बाळाच्या कानात सांगितलं, "गोपीनाथ." गुणाजीनं पाळण्यात वाकून त्याला हाकांवर हाका मारल्या. पोर वैतागून रडायला लागलं.

"पुरे रे," मालन म्हणाली, "आजच झिजवशील ते नाव."