सावरपाड्याचं फडकं

फडकं धुतलेलं होतं. नुसतं खंगाळलेलं नाही; साबण लावून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून, चौघडी घातलेलं. जिजाने ते नाकाला लावलं. मासळीचा वास नाही. दोन वर्षं सुकी मासळी बांधून वर जाणारं आणि भात बांधून खाली येणारं फडकं, त्याला वास नाही म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम काढला होता.

ज्याला हा धंदा ठाऊक नाही त्याने आधी एवढं ऐकून घ्यावं. अर्नाळ्याची होडी भरती लागली की वैतरणेत शिरायची. नारिंगी, मग पलीकडचं जलसार, मग रेल्वेच्या पुलांखालचं वाढीव बेट, मग खानिवडे. तिथून मोठी नदी सरळ मनोरकडे जाते, पण हिरामणची होडी उजवीकडे तानसेच्या फाट्यात वळायची आणि खारं पाणी जिथे संपतं त्या सावरपाड्याला थांबायची. प्रत्येक गावाला सुक्या मासळीचं एक गाठोडं. गाठोडं सोडून मासळी घ्यायची आणि त्याच फडक्यात भात बांधून द्यायचा. कुणाला बोंबील लागतात, कुणाला जवळा, सावरपाड्याला वाकट्या. जिजाला अक्षर येत नव्हतं, हिरामणलाही नव्हतं, म्हणून तिने गावागावाला रंग दिले होते. नारिंगीला लाल, जलसारला पिवळं, वाढीवला चौकडीचं, खानिवड्याला पांढरं आणि सावरपाड्याला निळं. निळं फडकं तिने स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचं फाडलं होतं. तेवढंच टिकाऊ होतं.

बाकी चारही फडकी यायची तशी आली होती, बरबटलेली, खवल्यांची, कुणीतरी हात पुसलेली. माणसं तशीच असतात. दुसऱ्याच्या बायकोचं फडकं कोण धुतं?

"हा कोनी धुतला?" तिने विचारलं.

हिरामण ओट्यावर बिडी वळत बसला होता. "काय?"

"फडका."

"पावसात भिजला आसंल."

"मार्गशीर्षात?"

त्याने बिडी पेटवली. नवरा बिडी पेटवतो तेव्हा त्याला उत्तर शोधायला वेळ हवा असतो, हे बायकोला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळतं. तो म्हणाला, "फडक्याची कसली चौकशी करते? भात मोजून घे." आणि उठून होडीकडे गेला.

ही आणीबाणी उठल्याच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सावरपाड्यापर्यंत होडी न्यायची तर उधाणाचंच पाणी लागतं, म्हणून खेप अमावस्येला नाहीतर पौर्णिमेला. पुढच्या अमावस्येला निळं फडकं आलं ते पुन्हा धुतलेलं, आणि त्याचा कोपरा, जो जिजाच्या घाईत फाटला होता, तो रफू केलेला. बारीक टाके. जिजाने ते नखाने मोजले. सव्वीस. सव्वीस टाके घालायला किती वेळ लागतो हे तिला माहीत नव्हतं, कारण तिला तेवढा वेळ कधी मिळालाच नव्हता. पहाटे धक्क्यावर, मग बोंबील टांगायला, मग मीठ, मग चूल. तिच्या बोटांना मिठाच्या भेगा होत्या. ही वरची बाई मांडीवर फडकं घेऊन बसली असेल, सावलीत, केस विंचरून. बोटं मऊ असतील.

तिला त्या बाईच्या बोटांचा राग आला. मग तिच्या सावलीचा. मग तिच्या साबणाचा.

बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगताना तिने थोरल्या जावेला, प्रेमलताला, फडकं दाखवलं. दाखवायला नको होतं. प्रेमलताने टाके बघितले, ओठ मुडपले.

"गोड्या पान्याची बाई दिसते," ती म्हणाली. "आपल्याला खारीला कोन विचारतो?"

"तुला कसं ठाऊक बाईच हाय?"

"मग काय मास्तर शिवतो? भावोजी खेपेवरनं येतात तेव्हा तोंड बघ त्यांचं. जेवून आल्यासारखं असतं."

प्रेमलताच्या अंगात नवी हिरवी चोळी होती, पिवळ्या काठाच्या खणाची. दिवाळीत हिरामणनेच तिला खण आणून दिला होता. विरारच्या बाजारातून आणला म्हणे. आई गेल्यावर वहिनीने वाढवलं, तिचा मान पहिला, असं तो म्हणाला होता. जिजाला वाढवलं नव्हतं कुणी, तिने नुसतं लग्न केलं होतं. तिला खण नव्हता. त्या दिवशी तिने चोळीकडे बघत एका काडीला दोनऐवजी तीन बोंबील अडकवले आणि काडी मोडली.

मग तिने वाईटपणा केला. खोटं कशाला बोला, केला. सावरपाड्याच्या गाठोड्यात तुटक्या, काळ्या पडलेल्या वाकट्या भरल्या, वर चार चांगल्या ठेवल्या. बाई शिव्या घालेल, हिरामणला उंबऱ्यावरून हाकलेल. होडी परत आली. निळं फडकं धुतलेलं होतं, भात भरपूर होता, आणि गाठ मारली होती तीसुद्धा नीटनेटकी. एक तक्रार नाही.

जिजाला रात्रीचं जेवण गेलं नाही. जिला सडकी मासळी देऊनही राग येत नाही, तिला भांडायचं कारणच नसतं. तिच्याकडे माणूस असतो.

माघातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हिरामणने होडी धुतली, शीड तपासलं आणि गाठोडी उचलायला घरात आला. पाच गाठोडी ओळीने मांडलेली होती. पाचही पांढऱ्या फडक्यात.

"हे काय?"

"रंग इटले," जिजा म्हणाली.

"आता कुठला कुनाचा?"

"मला ठाऊक हाय."

"मग सांग."

"तिथं गेल्यावर सांगन."

तो हसला. मग हसायचं थांबला. गाठोडी सोडून बघितली असती तर कळलंही असतं, पण तिने प्रत्येकात वर जवळाच पसरला होता आणि गाठी अशा मारल्या होत्या की सुरीशिवाय सुटू नयेत. "बाई होडीत नको," तो म्हणाला. "बळीराम काय म्हनंल?" बळीराम त्याचा थोरला भाऊ, प्रेमलताचा नवरा; खेपेला वल्ह्यावर तोच असायचा.

"बळीरामदादाचा पाय सुजलाय. तो येत नाय उद्या. वल्हं मी धरन."

"वर चिखल हाय. ऊन हाय."

"इथं काय चांदनं पडतं?"

जिजा सकाळी होडीत बसली. हिरामण सुकाणूवर बसला आणि नारिंगी येईपर्यंत तिच्याकडे न बघता शिडाकडेच बघत राहिला.

सतरा वर्षं ती या नदीच्या तोंडाशी राहत होती आणि नदी तिने पाहिली नव्हती. गावांचे रंग तिने दिले होते, गावं पाहिली नव्हती. जलसारला तिने पिवळं फडकं दिलं होतं ते का, तिलाही आठवेना. गाव तर सगळं हिरवं होतं. वाढीवला डोक्यावरून रेल्वे गेली तेव्हा होडी थरथरली. प्रत्येक धक्क्यावर ती गाठोडं ओळखून द्यायची आणि बायका तिच्याकडे जरा जास्तच बघायच्या. एक म्हातारी तर तोंडाला पदर लावून दुसरीच्या कानात बोलली. जिजाला वाटलं, सगळ्या नदीला ठाऊक आहे. फक्त मला नव्हतं.

खानिवड्याला रेतीच्या होड्यांची गर्दी होती. ती ओलांडून होडी फाट्यात वळली. पाणी अरुंद झालं, दोन्ही काठ जवळ आले. जिजाने नदीत हात घालून बोट चाटलं. खारटपणा अर्धा उरला होता.

"इथं फार थांबायचं नाय," हिरामण म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं लांब वाक्य. "पानी भरलंय तोवर माल द्यायचा आन् निघायचं. पानी फिरलं की होडी चिखलात बसते, मग पुढच्या भरतीशिवाय हलत नाय. तू होडी धर, मी वर देऊन येतो."

"मी देते."

"जिजा."

"तुमी होडी धरा."

तिला वाटलं होतं तो आडवा येईल, हात धरेल. त्याने होडीतलं पाणी उपसायचं डबडं घेतलं आणि कोरड्या होडीत पाणी शोधायला लागला.

काठावरून दहा पावलांवर सारवलेली ओटी, पुढे अबोलीची झाडं. ओटीवर एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. पन्नाशीची. केस निम्मे पांढरे, एक दात पडलेला, बोटं जिजाच्या बोटांइतकीच भेगाळलेली. जिजाने आत आणखी कोणी आहे का म्हणून मान वाकडी करून पाहिलं. कोणी नव्हतं.

"हिरामणभाऊ नाही आले?" बाईने विचारलं.

"खाली हाय. मी त्यांची बायको."

बाईच्या हातातलं सूप थांबलं. तिने जिजाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डोक्यावरचं गाठोडं पाहिलं. मग तिचे डोळे भरले.

"दुसरी केली त्यांनी," ती म्हणाली. "म्हणजे ती गेली. कधी गेली गं?"

"कोन गेली?"

"जिजा."

जिजाने गाठोडं खाली ठेवलं. "कंची जिजा?"

"कोणती म्हणजे काय? त्यांची पहिली. बिचारी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मी आत्ता या पौर्णिमेला काढा उकळून ठेवला होता तिच्यासाठी." तिने पदराने नाक पुसलं. "तुझी काय चूक म्हणा. बस. मी सुशीला."

जिजा बसली.

मग सुशीलाकाकूने सांगितलं ते असं. तिचं माहेर नंदाखालचं, बागायतीतलं. लहानपणी अर्नाळ्याच्या कोळणी दारावर यायच्या, त्या वासावर ती वाढली होती. इथे लग्न होऊन आली तेव्हापासून मासळीचं गाठोडं आलं की तिला माहेरचं कुणी आल्यासारखं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी तिने हिरामणला विचारलं, एवढ्या छान गाठी कोण मारतं? तर तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, मीच मारतो काकू. मासळी मीच खारवतो, मीच वाळवतो. बायको उठत नाही.

"आधी मीही फडकं तसंच परत द्यायची, पण या मार्गशीर्षापासून जीव होईना," सुशीलाकाकू म्हणाली. "घरात आजारी माणूस, धुणार कोण? फाटलं ते शिवलं. दर खेपेला तिच्या पेजेसाठी शेरभर जुने तांदूळ वेगळे द्यायची. मध दिला खोकल्याला. दिवाळीत हिरवा खण दिला, पिवळ्या काठाचा. अंथरुणावर का असेना, बाईला नवी चोळी नको? शिवली होती का गं तिने?"

"शिवली," जिजा म्हणाली. "चांगली बसली."

तिला एकेक दिसायला लागलं. जुने तांदूळ वाटेत ताडीत गेले. मध दोघा भावांनी होडीत बोटाने चाटला. खण घरी आणता येईना, कारण घरी आणला तर कुणी दिला आणि का दिला ते सांगावं लागलं असतं, म्हणून तो वहिनीच्या पदरात टाकून मान मिळवला. आणि धक्क्याधक्क्यावरच्या त्या म्हाताऱ्या. सगळ्या नदीला ठाऊक होतं ते हे. काठाकाठाने तिला आजारी पाडलं होतं, आणि आज तिलाच दुसरी बायको म्हणून उतरवून घेतलं होतं.

राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर. आधी आला तो हेवा, जो ती दोन महिने चघळत होती, फक्त आता त्याला भलतीच बाई मिळाली. सतरा वर्षांत, जिजा, जेवलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं. ताप असताना तिने मीठ चोळलं होतं, कुणी मध आणला नव्हता. आणि ती दुसरी जिजा, जिने एक बोंबील टांगला नाही, ती पडून होती आणि तिच्यासाठी काढा उकळत होता, तिचं फडकं सव्वीस टाके घालून शिवलं जात होतं, तिच्यासाठी परकी बाई आत्ता डोळे पुसत होती. जिजाला त्या अंथरुणातल्या जिजाच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं.

"काकू," ती म्हणाली, "ती गाठ मीच मारते. जिजा मीच."

सुशीलाकाकूला कळायला थोडा वेळ लागला. तिने जिजाचा हात हातात घेतला, भेगा पाहिल्या, अंगठ्याने चाचपल्या. मग ती इतकंच म्हणाली, "आणि मागच्या खेपेच्या वाकट्या?"

"त्या पन मीच. वाईट बुद्धीने भरल्या."

"वाटलंच मला. आजारी माणसाच्या नवऱ्याला काय बोलायचं म्हणून गप्प बसले." आणि ती पडलेल्या दाताच्या फटीतून हसली.

खालून हाक आली. "जिजा. पानी फिरलं."

सुशीलाकाकू उठली. "जा बाई. होडी अडकेल."

जिजा उठली, पण काठाकडे गेली नाही. ओटीच्या कोपऱ्यात एक घोंगडी अंथरलेली होती. ती त्या घोंगडीवर गेली, पाय लांब केले, आणि आडवी झाली. भर दुपारी. लग्नानंतर पहिल्यांदा. छपरातून उन्हाचे दोन कवडसे तिच्या पोटावर पडले.

"जिजा, चल. होडी बसंल."

"काकू," जिजा डोळे मिटून म्हणाली. सतरा वर्षांत नवऱ्याचं नाव तिने एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या उखाण्यात. "त्या हिरामनला सांगा, जिजा अंथरुनाला खिळलीय. उठत नाय. तिला न्यायची तर उचलून न्यावं लागंल. आन् खाली जाताना धक्क्याधक्क्यावर थांबून सगळ्या बायांना दाखवावी लागंल, ही तीच म्हनून."

सुशीलाकाकू ओटीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिने ते सगळं, एक शब्द न गाळता, खाली ओरडून सांगितलं. शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या. पाणी काठापासून सुटत गेलं, चिखल उघडा पडला, आणि होडी हळूहळू एका कुशीवर कलली. हिरामण तिच्यात डबडं धरून उभा होता.

"काढा गरम करू का?" सुशीलाकाकूने विचारलं.

"करा," जिजा म्हणाली. "गूळ जास्त घाला."