कादंबरीच्या आधीची झाडलोट

ऑफिसात सगळे त्याला कादंबरीकार म्हणत. कादंबरी कुणी पाहिली नव्हती, कारण ती नव्हतीच. पण तयारी अशी, की विचारू नका! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा एक जुनापुराणा वर्ड प्रोसेसर त्याने जिवापाड जपला होता. एका बटणात नायिकेचं नाव, दुसऱ्यात तिचा दीर्घ उसासा. नायक अजून ठरायचा होता, पण त्याचंही बटण राखून ठेवलेलं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे स्टार्टअप फाइल! प्रोसेसर उघडला की ही आपोआप चालायची, बटणांना कामं वाटायची, समास आखायची, ओळींतलं अंतर ठरवायची आणि मागच्या खेपेचं जे काही पडलेलं असेल ते, सेव्ह केलेलंसुद्धा, पुसून टाकायची. प्रतिभेला कोरं पान लागतं, असं त्याचं मत. प्रतिभाही बिचारी रोज यायची, कोरं पान बघायची आणि आल्या पावली परत जायची.

बायको इस्पितळात नर्स. तिथे मेट्रनची जागा निघाली होती आणि टाइप केलेला अर्ज त्या दिवशी पाचच्या आत खिडकीवर द्यायचा होता. घरात कॉम्प्युटर हा एवढाच. रात्रपाळी करून आलेली ती, डोळ्याला डोळा न लावता त्या बटणांशी झुंजली. ओळ बदलायला जावं तर नायिका उसासा सोडायची. तरी तिने नेटाने तीन पानं पुरी केली, सेव्ह केली, प्रोसेसर बंद केला आणि तोंड धुवायला गेली.

नेमकी तेव्हाच कादंबरीकाराला उपकार करायची हुक्की आली. बिचारीला नाव नि हुद्दा किती वेळा टाइप करावा लागतो! त्याने स्टार्टअप फाइलमध्ये तिच्या नावाचा शॉर्टकट घातला आणि जमलाय का बघायला प्रोसेसर उघडला.

"अगं, इकडे ये, गंमत बघ!"

ती टॉवेलने तोंड पुसत आली. त्याने बटण दाबलं. कोऱ्या पानावर तिचं नाव झळकलं, हुद्द्यासकट.

"छान. आणि माझा अर्ज कुठाय?"

कादंबरीकाराच्या तोंडचं पाणी पळालं. "अर्ज ना... तो झाडला गेला."

"कुणी झाडला?"

"स्टार्टअप फाइलने."

"आणि तिला कुणी सांगितलं होतं?"

आता ती कडाडणार म्हणून त्याने मान खाली घातली. आरडाओरडा त्याने पचवला असता, सवय होती. पण तिने घड्याळाकडे बघितलं आणि स्टूल ओढलं.

"बसा. मी सांगते, तुम्ही लिहा. आणि ती तुमची झाडणारी बया आधी हाकला."

त्याने निमूटपणे स्टार्टअप फाइल काढून टाकली. बटणं पुन्हा साधी बटणं झाली. ती भराभर सांगत गेली. भाजलेल्यांच्या वॉर्डातली वर्षं, हाताखाली तयार केलेल्या मुली, वीज गेली तेव्हा हाताने हवेची पिशवी दाबून एका बाळाला दिलेला श्वास. त्याची बोटं थांबली.

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलायला आले होते. तुम्ही समास आखत होतात. पुढे लिहा. रात्रपाळी मी नेहमी स्वतःहून मागून घेतली."

"मागून? लोक टाळतात की गं! का?"

"लिहा. कारण संध्याकाळी घरी माझ्याशी बोलणारं कुणी नसे."

त्याने लिहिलं. एकेक अक्षर दाबताना त्याचे कान तापले. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिच्याकडे वळून बघवेना. मग त्याच्या खांद्यावरून तिने ती ओळ वाचली.

"ही ओळ काढा," ती म्हणाली. "ती अर्जातली नव्हती."

त्याने ती पुसली. पानं छापून होताच दोघं धावत सुटले. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की आपल्या एका पायात तिची चप्पल आहे. खिडकीवरचा माणूस शटर ओढायच्या बेतात होता. त्याने चपलांकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं आणि शिक्का मारला.

दोघं धापा टाकत बाहेरच्या पायऱ्यांवर टेकले.

"मेट्रनला दिवसपाळी असते," ती म्हणाली. "जागा मिळाली तर रोज संध्याकाळी मी घरी असेन. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल म्हणजे काय!" तो घाईघाईने म्हणाला. भले कादंबरीकार! सख्ख्या बायकोशी बोलायला पुढचं एक वाक्य जुळत नव्हतं. ती वाट बघत होती.

"काल वॉर्डात काय झालं?" त्याने शेवटी विचारलं. "सांग ना."

ती सांगायला लागली. सांगता सांगता मध्येच थांबत होती, तो ऐकतोय ना, हे बघायला.