साक्षीच्या पिंजऱ्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना साक्षीदाराचा पिंजरा आहे. वय वर्षे दोन. सिनेमाच्या सामानाला तेवढं पुष्कळ झालं. शिवाय मला रंगच शंभर वर्षांपूर्वीचा दिलेला आहे.

श्रीरामपूरजवळच्या एका बंद गोदामात वाल्मिक सुतारांनी मला प्लायवूड आणि मोडक्या पलंगाचे पाय जोडून घडवलं. तिथे ओंकार नावाचा दिग्दर्शक कोर्टाचा सिनेमा काढत होता. मी कायदा शिकलेलो नाही, तरी सांगतो, सिनेमा वाईट होता. न्यायाधीश वाक्यागणिक हातोडा आपटत. वकिलांनी पुरावा म्हणून जिवंत रेडा आत आणला. त्याने मला दोनदा चाटलं. त्यातल्या त्यात त्याचाच अभिनय बरा होता.

रेडा पाहून पुण्याची नायिका पहिल्याच दिवशी पळाली, ती परत आलीच नाही. शूटिंग बघायला ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका जमल्या होत्या. ओंकारने त्यांतल्या एका मावशींना माझ्यात उभं केलं. भूमिका होती हरवलेल्या मुलाच्या आईची.

मावशी रडल्या नाहीत. माझा कठडा घट्ट धरून एवढंच म्हणाल्या, "सायेब, शेळी हरवली तरी तिचा रंग इचारत्यात. माझ्या पोराचं कुनी काय बी इचारलं न्हाई."

न्यायाधीश हातोडा आपटायचा विसरले.

ओंकार पायाच पडला. "मावशी, पडद्यावर पहिलं नाव तुमचं!"

"खरं ना रं? मग सगळी टोळी घिऊन येते."

सिनेमा लागला तेव्हा त्या खरंच टेम्पो भरून आल्या. थिएटरवाल्याने जाहिरातीसाठी मला पडद्याखालीच मांडलं होतं. मध्यंतरापर्यंत लोक नको तिथे हसले. मावशी बोलल्या आणि सगळे चिडीचूप झाले. शेवटी नावं आली. पहिलं नाव पुण्याच्या नायिकेचं. मग वकील, न्यायाधीश, रेडा, रेड्याचा मालक, चहावाला. सर्वांत शेवटी 'आणि गावकरी'.

मावशींची मुलगी पंकजा वाचून दाखवत होती. "आये, संपलं."

"निसटलं आसंल. परत लावा म्हनावं."

ओंकार पुढे आला. "मावशी, त्या बाईंच्या नावावर तिकिटं खपतात."

"पन तिचं तोंडच न्हाई पिच्चरमधी!"

"म्हणून तर निदान नाव टाकलं."

मावशींनी त्याच्या दंडाला धरून त्याला माझ्यात उभं केलं. टोळी भोवती जमली.

"आता सांग. नाव काय माझं?"

ओंकारने दोन्ही हातांनी मला धरलं. छताकडे पाहिलं.

"...मावशी," तो म्हणाला.

"रतनबाई छगन सानप," त्यांनीच सांगितलं, आणि टोळीला घेऊन त्या निघून गेल्या.

खरं सांगतो मित्रांनो, तोवर मीही मावशीच म्हणत होतो.

आता मी गोदामात पडून आहे. प्लायवूड ओलीने फुगतं, तेव्हा मला कोरड्यात ठेवा, एवढी विनंती. आणि माझ्यात कुणाला उभं करण्याआधी त्याचं नाव विचारा. खऱ्या कोर्टात म्हणे सगळ्यात आधी तेच विचारतात.